चार तास आणि तीन सेकंद

शिक्षकांसाठी भरणाऱ्या प्रशिक्षणवर्गांत ‘प्रभावी संवाद’ हा विषय आता नेमाने असतो. आवाजाची पट्टी कशी असावी, उच्चार कसे असावेत, नजर वर्गभर कशी फिरवावी, फळ्यावर काय लिहावे, या गोष्टी तेथे सांगितल्या जातात. त्या उपयुक्त आहेत, याबद्दल वाद नाही. आमची तक्रार वेगळी आहे. संवादाला दोन बाजू असतात आणि या सूचनांतील बहुतेक सर्व सूचना बोलणाऱ्याच्या बाजूच्या असतात. ऐकण्याचा उल्लेख येतो तो मुलांनी शिक्षकाचे लक्षपूर्वक ऐकावे म्हणून काय करावे, एवढ्यापुरता. भाषेच्या अभ्यासक्रमात श्रवण, भाषण, वाचन व लेखन ही चार कौशल्ये सांगितली जातात. त्यांतील श्रवण मुलांच्या खात्यावर मांडलेले असते. शिक्षकाच्या खात्यावर ते शोधूनही सापडत नाही. विज्ञानाच्या अध्यापनात ही त्रुटी विशेष महाग पडते, असे आम्हांला वाटते. त्याचा पुरावा म्हणून आमचीच एक चूक प्रथम सांगतो.

भांग म्हणजे काय?

काही वर्षांपूर्वी मालवण तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका शाळेत भरती-ओहोटीवर बोलण्यासाठी आम्ही गेलो होतो. पृथ्वी, चंद्र व सूर्य यांची मोठी चित्रे बरोबर नेली होती. “आज समुद्राला पाणी किती चढेल?” असा एक प्रश्न केवळ प्रस्तावना म्हणून विचारला. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “आज भांग आसा, सर. पाणी जास्त चढूचा नाय.”

भांग म्हणजे केसांतला किंवा शिवरात्रीला घोटतात ती, एवढेच त्या क्षणी आमच्या ध्यानात आले. मुलगा चेष्टा करीत आहे असे समजून आम्ही “नीट उत्तर दे” म्हणालो आणि पुढच्या बाकाकडे वळलो. तेथून तत्परतेने उत्तर आले, “चंद्राच्या गुरुत्वाकर्षणामुळे, सर!” आम्ही विचारले होते ‘किती’ आणि उत्तर आले होते ‘कशामुळे’. परंतु ते आमच्या चित्राशी जुळणारे होते, म्हणून आम्ही “शाब्बास” म्हटले.

संध्याकाळी किनाऱ्यावर रापणीचे जाळे आवरणाऱ्या एका वयस्क गृहस्थांनी आमचे अज्ञान दूर केले. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मोठी भरती येते ते उधाण. अष्टमीच्या सुमारास चंद्र व सूर्य पृथ्वीपासून काटकोनात असतात, त्यांच्या ओढी एकमेकींना पूरक ठरत नाहीत आणि भरती बेताची येते, तो भांग. काटकोनाची भाषा अर्थातच आमची. बाकी सर्व त्यांचे. त्या दिवशी तिथी अष्टमीच होती. म्हणजे आमच्या व्याख्यानाचा जो शेवटचा मुद्दा होता, तो त्या मुलाने पहिल्याच मिनिटात एका वाक्यात सांगून टाकला होता. लाजिरवाणी गोष्ट अशी की मराठी भूगोलाच्या पुस्तकांत ‘भांगाची भरती’ हीच संज्ञा वापरतात. आम्ही ती शाळेत परीक्षेपुरती पाठ केली आणि पुढे इंग्रजीतून शिकताना विसरलो.

उरलेल्या तासात तो मुलगा पुन्हा बोलला नाही. आमचे व्याख्यान मात्र ‘प्रभावी’ झाले, असे आभार मानताना सांगण्यात आले.

टाचणातील दोन रकाने

ही चूक केवळ आमच्या स्वभावाची म्हणून सोडून देता आली असती. पण शिक्षकाला तयार करण्याच्या आपल्या पद्धतीतच तिची मुळे आहेत. पाठाचे टाचण पाहा. त्यात ‘शिक्षक कृती’ आणि ‘विद्यार्थी कृती’ असे रकाने असतात. शिक्षक प्रश्न विचारतील आणि विद्यार्थी अमुक उत्तर देतील, हे आदल्या रात्री लिहून होते. प्रयोग करण्यापूर्वीच निरीक्षणांचा तक्ता भरून ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला आपण प्रयोगशाळेत काय म्हणतो?

सूक्ष्म अध्यापनाचेही तसेच. १९६०च्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात पुढे आलेली ही पद्धत आपल्या अध्यापक महाविद्यालयांत चांगली रुजली. एकेक कौशल्य सुटे करून त्याचा सराव करावयाचा, ही कल्पना उत्तम आहे. सज्जता प्रवर्तन, स्पष्टीकरण, प्रश्न, चेतक बदल, प्रबलन, फलकलेखन ही नावे वाचकांना पाठ असतील. यांत ऐकण्याच्या सर्वांत जवळ येतो तो प्रश्न विचारून अधिक खोलात जाण्याचा भाग. पण ऐकणे हे स्वतंत्र कौशल्य म्हणून आम्ही पाहिलेल्या याद्यांत आढळले नाही.

पूर्वतयारी आणि ऐकणे यांचे वैर आहे, असे कोणी म्हणेल तर त्याने सिंधुदुर्गातील जत्रांतले दशावतारी नाटक पाहावे. आख्यान कोणते, प्रवेश कसे लागायचे, हे आधी ठरलेले असते. संवाद मात्र लिहिलेले नसतात. समोरचा नट काय बोलला हे ऐकूनच आपले वाक्य रचावे लागते. जो ऐकत नाही, त्याचे सोंग उभे राहत नाही. आराखडा पक्का आणि शब्द मोकळे, ही रीत त्या नटांना साधते. ती वर्गात का साधू नये?

तोत्तोचानचे कौतुक आणि त्यातील अडचण

ऐकणाऱ्या शिक्षकाचे उदाहरण म्हणून आपल्याकडे ‘तोत्तोचान’ हे पुस्तक नेहमी सांगतात. तेत्सुको कुरोयानागी यांचे हे आठवणींचे पुस्तक जपानमध्ये १९८१ साली प्रसिद्ध झाले. चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादामुळे ते मराठी शिक्षकांच्या घरोघरी पोचले. पहिल्या शाळेतून काढून टाकलेल्या या मुलीचे बोलणे तोमोए शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच भेटीत चार तास ऐकून घेतात. हा प्रसंग वाचून भारावला नाही असा शिक्षक विरळा.

मात्र या प्रसंगाचा जो उपयोग केला जातो, तो आम्हांला पटत नाही. प्रशिक्षणात तो सांगितला जातो, सारे हळवे होतात आणि वर्गात परतल्यावर काहीच बदलत नाही. कारण चार तास कोणाकडे असतात? तोमोए शाळेत सगळी मिळून पन्नासेक मुले होती. आपल्याकडे अनेक ठिकाणी तेवढी एकाच वर्गात असतात. त्यामुळे ऐकणे हा संतांचा गुण ठरतो आणि साध्या माणसाची त्यातून सुटका होते. उलट बाजूही पाहावी. सिंधुदुर्गात जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांचा पट वीसच्याही आत आहे. तेथे मुले थोडी आहेत म्हणून ऐकणे आपोआप वाढते काय? एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात ही अडचण खरी; पण सवय नसेल, तर दहा मुलांच्या वर्गातही आपणच बोलत राहतो.

तीन सेकंद

या प्रश्नाकडे भावनेऐवजी घड्याळ लावून पाहण्याचे काम मेरी बड रो या अमेरिकन विज्ञानशिक्षण-संशोधिकेने केले. विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणे तपासून त्यांनी १९७४ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरीने सुमारे एक सेकंद थांबतात. तेवढ्यात उत्तर आले नाही, तर प्रश्न पुन्हा विचारतात, दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात. मूल बोलायचे थांबल्यावर तर एक सेकंदही जात नाही. शिक्षकाची प्रतिक्रिया येऊन आदळते. ज्यांना आपण ‘कच्ची’ समजतो, त्यांना आणखी कमी वेळ मिळतो.

या दोन्ही जागी तीन सेकंद किंवा थोडे अधिक थांबण्याचा सराव शिक्षकांनी केला, तेव्हा मुलांची उत्तरे लांबली. ‘माहीत नाही’ आणि मौन कमी झाले. मुले पुरावा देऊन बोलू लागली, आपण होऊन प्रश्न विचारू लागली आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. शिक्षकांचे प्रश्न संख्येने घटले, पण विविध झाले. यांतील दुसरे थांबणे, म्हणजे मुलाच्या बोलण्यानंतरचे, अधिक परिणामकारक ठरले. रो यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. लगोलग दिलेली शाबासकी विचार पुढे जाऊ देत नाही, कारण “शाब्बास” म्हणजे ‘शोध संपला’ अशी खूण असते. आपल्या ‘प्रबलना’च्या सरावात ही धोक्याची सूचना असावयास हवी.

आम्ही त्या मुलापाशी तीन सेकंद थांबलो असतो आणि “भांग म्हणजे काय रे?” एवढेच विचारले असते, तर पुरे होते.

आधी अर्थ, मग भाषा

त्याचे बोलणे मालवणीत होते, हेही आमच्या बहिरेपणाचे एक कारण होते. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ साली सुरू झाले. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कोणी शाळेत जात आहे, अशा मुलांना विज्ञानात अनेकदा विषयापेक्षा भाषा आडवी येते, याकडे या केंद्राच्या कामाने लक्ष वेधले. त्यावर पुस्तकांची भाषा सोपी करणे हा एक उपाय झाला. तो पुस्तकाकडून मुलाकडे जाणारा रस्ता आहे. मुलाकडून शिक्षकाकडे येणाऱ्या रस्त्याची डागडुजी मात्र राहून गेली. ‘आसा’ नव्हे ‘आहे’ म्हण, ही दुरुस्ती आपण प्रथम करतो आणि तोवर मुलाच्या मनातले वाक्य विरून जाते. प्रमाण मराठी त्याला आलीच पाहिजे. आमचे म्हणणे केवळ क्रमाबद्दल आहे.

ऐकणे म्हणजे मान्य करणे नव्हे

येथे एक आक्षेप येईल. मुलांचे सारेच बरोबर मानायचे काय? मुळीच नाही. ऐकल्यावरच खरी तपासणी सुरू होते. कोकण किनाऱ्यावर एक ठोकताळा प्रचलित आहे. तिथीच्या अंकाला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. गाव बदलला की थोडा फरक पडतो, तो सोडून देऊ. हा हिशेब वर्गात कोणी सांगितला, तर त्याला अंधश्रद्धा म्हणून झटकू नये आणि पूर्वजांचे विज्ञान म्हणून डोक्यावरही घेऊ नये. तो फळ्यावर मांडावा.

पौर्णिमेला १५ गुणिले पाऊण म्हणजे सव्वाअकरा येतात. दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला पाऊण वाजतो. म्हणजे भरती एका दिवसात दीड तासाने पुढे गेली! एरवी तर ती रोज पाऊण तासानेच सरकत होती. ही उडी कोठून आली? भरतीची वेळ पंधरा तिथींत बारा तास पुढे जाते; म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटे. ठोकताळ्यात ती ४५ धरली आहेत. रोजच्या तीन मिनिटांचा फरक साठत पौर्णिमेपर्यंत ४५ मिनिटे होतो. पाऊणऐवजी चार पंचमांशांनी गुणावे, म्हणजे उडी नाहीशी होते. मात्र तोंडी हिशेबाला पाऊण सोपा, आणि होडी लोटण्यापुरता तो पुरतो. स्थूलमान, त्रुटी आणि प्रतिमानाची मर्यादा या तिन्ही गोष्टी येथे एका तासात शिकवून होतात. आमच्या रंगीत चित्रांनी यांतले काहीही शिकवले नव्हते.

तेव्हा शिक्षकांपुढे दोन लहान सूचना ठेवतो. एका तासाला सहकाऱ्याला घड्याळ घेऊन मागे बसवावे आणि आपण प्रश्नानंतर व उत्तरानंतर किती थांबतो, याची नोंद करवून घ्यावी. आकडा पाहून बहुतेकांना धक्का बसेल, आम्हांला बसला. दुसरी सूचना अशी की, टाचणात तिसरा रकाना आखावा. त्याचे नाव ‘मुले प्रत्यक्षात काय म्हणाली’. तो आदल्या रात्री कोराच ठेवावा आणि तास संपल्यावर मुलांच्याच शब्दांत भरावा. त्यात एखादा शब्द आपल्याला कळला नाही, तर तो पुसू नये. दुसऱ्या दिवसाचा पाठ बहुधा तेथूनच सुरू होईल.