सहा आकडे, एकच उंदीर

उंदराच्या अवयवांतील मेदांचे तक्ते संशोधन-लेखांत छापून येतात. हृदयात तंतुकणिका भरपूर, म्हणून कार्डिओलिपिन जास्त. मेंदूत कोलेस्टेरॉल जास्त. हे ठीकच. पण दर अवयवापुढे एकच सरासरी आकडा असतो, तो आम्हांला खटकतो. एका उंदराच्या यकृतात आणि दुसऱ्याच्या यकृतात किती फरक होता?

एका यकृताचे सहा भाग करून सहा मोजमापे घेतली, तर त्यांतला फरक मुख्यतः आपल्या हाताची व उपकरणाची स्थिरता सांगतो. उंदीर एकच राहतो. उलट सहा यकृते एकत्र वाटली, तर उंदराउंदरातला फरक खलबत्त्यातच संपतो!

यावर उत्तर मिळते, की हे उंदीर जनुकांनी जवळजवळ सारखेच असतात. सी. सी. लिट्ल यांनी १९२१ साली सुरू केलेला सी५७बीएल वाण भावंडांच्याच संकरातून वाढवलेला आहे, हे खरे. परंतु जनुके सारखी म्हणून यकृत सारखे होत नाही. रात्रभर उपाशी ठेवलेल्या उंदराच्या अंगातील साठ्यातून मेदाम्ले सुटतात आणि यकृतात चरबी वाढते. शिवाय एका पिंजऱ्यातले उंदीर एकमेकांची विष्ठा खातात. त्यांचे आतड्यांतील जंतू सारखे होत जातात. मग औषध दिलेले सगळे एका पिंजऱ्यात आणि न दिलेले दुसऱ्यात ठेवले, तर दिसलेला फरक औषधाचा की पिंजऱ्याचा?

उंदरांची संख्या, लिंग, पिंजरे आणि उपासाचे तास छापायला तक्त्याखाली दोन ओळी पुरतात.