श्लेष, सोंगाड्या आणि मोकळा देह

दादा कोंडके यांचे चित्रपट ‘चावट’ ठरवून आपल्या समीक्षेने एक महत्त्वाचा प्रश्न टाळला. डेन्मार्कने १९६९ मध्ये प्रौढांसाठीचे चित्रपट-परिनिरीक्षण रद्द केले आणि लगेच १९७० मध्ये जॉन हिलबार्ड यांचा, बिछान्याच्या काठावरील मझुर्का अशा अर्थाच्या शीर्षकाचा विनोदी शृंगारपट आला. त्यातील लाजरा शिक्षक आणि ‘सोंगाड्या’तील (१९७१) नाम्या हे दोघेही भोळेच. परंतु डॅनिश नायकाचे अज्ञान कथेच्या ओघात फिटते. कोंडक्यांच्या नायकाचे मात्र टिकवावेच लागते. कारण द्व्यर्थी संवादातील अश्लील अर्थ पात्र उच्चारीत नाही, तो प्रेक्षक पुरवितो. आणि कात्रीला शब्दांत काही सापडू नये, हीच त्या श्लेषाची अट. बंधन उठले की तिकडे देह दिसतो; इकडे बंधनामुळेच भाषा कामुक होते.

ही रीत तमाशाची. वसंत सबनीसांनी ‘विच्छा माझी पुरी करा’ आणि ‘सोंगाड्या’ दोन्ही लिहिले, हा योगायोग नव्हे. फरक एवढाच की गवळणीतील मावशी (तीही बहुधा पुरुषच!) पेंद्याला उलट टोला हाणते. पडद्यावर उषा चव्हाण यांच्या नायिकांना ठसका आहे खरा, पण श्लेषाचा हक्क बहुतांशी नायकापाशीच राहतो. कोंडक्यांवर आक्षेप घ्यावयाचा तर तो अश्लीलतेचा नव्हे, या वाटपाचा घ्यावयास हवा.