‘चिपेंडेल’ : विशेषनाम आणि सामान्यनाम

इंग्लंडमधील जुन्या फर्निचराच्या व्यवहारात ‘चिपेंडेल’ हा शब्द विशेषनाम उरलेला नाही. टॉमस चिपेंडेल (१७१८–१७७९) याने १७५४ साली नमुन्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यावरून अनेक कारागिरांनी खुर्च्या घडविल्या आणि पुढे त्या साऱ्यांना त्याचेच नाव चिकटले. तो स्वतः आपल्या कामावर ठसा उमटवीत नसे. तेव्हा अमुक खुर्ची त्याच्याच कारखान्यातील, हे विधान केवळ रूपावरून करता येत नाही. त्यास कागदाचा आधार हवा.

सर लॉरेन्स डंडास यांच्या लंडनमधील आर्लिंग्टन स्ट्रीटवरील घरासाठी केलेल्या सोनेरी मुलाम्याच्या, हातांच्या खुर्च्यांना तो आहे. वास्तुशिल्पज्ञ रॉबर्ट ॲडम याचे १७६४ चे रेखाटन सोन संग्रहालयात जपलेले आहे. १७६५ च्या बीजकात चिपेंडेलने आठ खुर्च्यांचे १६० पौंड लावले असून वरचे दमास्क कापड गिऱ्हाइकाचे आहे. ॲडमने आराखड्याबद्दल घेतले ५ पौंड! त्याच्या आराखड्यावरून चिपेंडेलने घडविल्याचा पुरावा असलेले फर्निचर एवढेच होय.

यांतील एक खुर्ची व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. ‘चिपेंडेल’ म्हणताच जी उघडी महोगनी व जी जाळीदार कोरीव पाठ डोळ्यांपुढे येते, तिचा येथे मागमूस नाही. येथे आहेत ते स्फिंक्स आणि ग्रीक धर्तीची पुष्पाकृती. पायांचा व हातांचा बाक मात्र आदल्या पिढीच्या अभिरुचीचा आहे. नवा अलंकार जुन्या सांगाड्यावर बसविलेला दिसतो, आणि हा सांधा प्रस्तुत लेखकास पूर्णपणे जुळलेला वाटत नाही. कोरीवकामाचे सामर्थ्य निर्विवाद आहे.

बीजकातील दोन शब्द विशेष लक्षणीय आहेत. पहिला ‘अँटिक’. तेथे तो प्राचीन रोमन-ग्रीक धर्तीचा वाचक आहे, आणि तो लावला आहे कोऱ्या खुर्चीस. आज तोच शब्द (मराठीतही) वस्तूचे स्वतःचे वय सांगतो. दुसरा उल्लेख तेलावरील सोन्याचा. मुलाम्याच्या रीती दोन. एकीत खडू-सरसाच्या अस्तरावर रंगीत मातीचा थर देऊन पाण्याने वर्ख बसवितात व अकीकाने घोटून झळाळी आणतात. दुसरीत चिकट तेलाच्या थरावर वर्ख लावतात. हा वर्ख टिकाऊ खरा, पण घोटता येत नाही. शिवाय जुन्या खुर्च्यांवर पुनःपुन्हा मुलामा चढविण्याची चाल होतीच, आणि अस्तराच्या प्रत्येक नव्या थराने कोरीवकामाच्या कडा बोथट होत जातात. म्हणून या संचातील म्हणून पुढे आलेल्या खुर्चीवर घोटीव झळाळी दिसल्यास विक्रेत्याकडे प्रथम तिचा खुलासा मागावा. नावाची चर्चा त्यानंतर.