‘फकिरा’ : हार घालण्याआधी

१ ऑगस्ट आला की नांदेड-लातुरात अण्णाभाऊंच्या फोटोला हार पडतात. मी पोरांना विचारतो, ‘फकिरा’ वाचली का रे? पोरं खाली बघतात.

वाटेगावच्या मांगवाड्यात १९२० साली जन्मलेला, शाळेत न टिकलेला, मुंबईच्या गिरणीत राबलेला हा माणूस. १९५९ ची ‘फकिरा’ त्यानं बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ साली तिला राज्य पुरस्कार मिळाला. १९६९ साली अण्णाभाऊ गेले ते हलाखीतच.

पण मित्रांनो, या कादंबरीशी माझं भांडणही आहे. गावची जत्रा सुरू व्हावी म्हणून राणोजी जोगणी आणायला जातो आणि मुंडकं गमावतो. ज्या गावानं त्याला वेशीबाहेर ठेवलं, त्याच गावाच्या इज्जतीसाठी! अण्णाभाऊ याचा गौरव करतात, तिथं मी अडतो. मात्र त्याचा पोरगा फकिरा दुष्काळात धान्य लुटतो ते उपाशी माणसांसाठी. इंग्रजाच्या हजेरीपुढं तो मान तुकवत नाही. जोगणीपासून भाकरीपर्यंतचा हा प्रवास म्हणजेच ‘फकिरा’. पांढरपेशा समीक्षेला त्यात नुसता मर्दानी थरार दिसला.

नामांतराच्या आगीत, १९७८ साली, नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे मारले गेले. मातंग माणूस. बाबासाहेबांचं नाव सोडलं नाही, हा त्यांचा गुन्हा. राणोजी गावासाठी मेला. पोचीराम मेले ते माणूसपणासाठी. ‘फकिरा’ची अर्पणपत्रिका मला तेव्हा खरी कळली.

म्हणून अण्णाभाऊंना एका जातीच्या चौकात कोंडू नका. हार नंतर घाला. आधी पुस्तक उघडा, भांडा त्याच्याशी.

जय भीम.