मुंबई–नांदेड, कड्यावरून

लॉगबुकात सगळं उड्डाण एका ओळीत मावतं. मुंबई ते नांदेड, एटीआर ७२-६००, उंची १७ हजार फूट, वेळ १ तास १८ मिनिटं, टेकताना खाली येण्याचा वेग मिनिटाला १८२ फूट. बघणाऱ्याला नुसते आकडे दिसतात. मला ती ओळ बंदिशीसारखी वाटते. शब्द मोजकेच, पण गाणारा त्यात तासभर राहून आलेला असतो.

हे विमान मी कडा या आमच्या गावात, घराच्या मागच्या खोलीतून उडवलं. टेबलावर जॉयस्टिक, शेजारी इन्व्हर्टर. व्हर्च्युअल एअरलाइन म्हणजे हौशी माणसांनी इंटरनेटवर चालवलेली विमान कंपनी. तिला वेळापत्रक असतं, उड्डाण क्रमांक असतात, वैमानिकाची बढतीही असते. तिकीट मात्र कुणी काढत नाही आणि पगार कुणाला मिळत नाही. नवख्याला आधी लहान विमान देतात, तास भरले की मोठं. सिम्युलेटरच्या बाजूला एक छोटा प्रोग्रॅम चालू असतो. ब्रेक कधी सोडला, इंधन किती जळलं, फ्लॅप कोणत्या वेगाला उघडले, चाकं किती जोरात टेकली, हे सगळं तो टिपतो आणि अहवाल कंपनीकडे पाठवतो. घड्याळ पुढे पळवून उरकलेलं उड्डाण बऱ्याच कंपन्या धरतच नाहीत. नांदेड तासाभराचं असेल, तर तुम्ही तासभर बसायचं.

या छंदाचा सगळा रस मला या अटीत सापडतो. तमाशाच्या वगात नट बोर्डावर एक फेरी मारतो आणि दुसऱ्या गावी पोचतो, आपण ते आनंदाने मानतो. इथे उलट आहे. फेरी चुकवता येत नाही. पण म्हणूनच वाटेतलं गाव न गाव हाती लागतं.

एटीआरमध्ये बसल्यावर आधी उजवं इंजिन चालू करायचं, पण पंखा ब्रेकने धरून ठेवायचा. याला हॉटेल मोड म्हणतात. जमिनीवर वीज आणि थंड हवा पुरवायला मोठ्या विमानांच्या शेपटीत असतं तसं वेगळं छोटं इंजिन या विमानात नाही, म्हणून ही युक्ती. आत इंजिन फिरतंय आणि बाहेर सहा पात्यांचा पंखा स्तब्ध उभा आहे, हे दृश्य मला फार आवडतं.

मग नांदेडचं हवामान वाचायचं. त्या मजकुरात एक अक्षर फुकट नसतं. जुलैतल्या त्या संध्याकाळी त्यात २६०१४ होतं आणि पुढे २५/२४. पहिल्याचा अर्थ, पश्चिमेकडून १४ नॉटचा वारा. म्हणजे उतरायचं तोंड पश्चिमेला करून, धावपट्टी २८ वर. आपण पश्चिमेकडूनच येणार, तेव्हा धावपट्टी ओलांडून पुढे जायचं आणि वळून परत यायचं. दुसरा आकडा तापमान आणि दवबिंदू. दोघांत एकाच अंशाचं अंतर, हवा पाण्याने काठोकाठ भरलेली, ढग खाली आलेले असणार. दोन आकड्यांत उतरण्याचं सगळं चित्र उभं राहतं. मुंबई सोडण्याआधीच मी मनाने नांदेडला एकदा उतरलेला असतो.

मुंबईहून पूर्वेला सरळ रेघ ओढा. ती भीमाशंकरवरून जाते. ढग असे गच्च की सह्याद्री कुठे संपला ते कळत नाही. १७ हजार फुटांवर बाहेरचं तापमान जुलैतही शून्याच्या आसपास असतं, ढगात पंखांवर बर्फ धरू शकतो. मग पंखांच्या पुढच्या कडेचे रबरी पट्टे फुगवून तो फोडायचा आणि वेगावर डोळा ठेवायचा. पुढे नारायणगाव. तमाशाच्या फडांचं हे गाव. जवळच खोडदला जीएमआरटी, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण. इथे ढगांना भोकं पडायला लागतात. पारनेरपर्यंत ते विरळ होतात, नगरला तर खाली तपकिरी जमीन दिसते. सिम्युलेटर त्या घटकेचं खरं हवामान घेऊन ढग मांडतो. भूगोलाच्या पुस्तकात पर्जन्यछाया हा शब्द मी पाठ केला होता, आणि तिच्यात जन्मभर राहिलो होतो. तिची कड मी पहिल्यांदा पाहिली ती या पडद्यावर. आभाळ आमच्यावर येता येता कुठे थांबतं, ते त्या दिवशी मला बोट ठेवून दाखवता आलं असतं.

आई चहा घेऊन आली.

"कुठवर आलास रे?"

"नगर ओलांडलं."

"मग आपलं कडा दिसत असंल की."

कॅप्टनची खुर्ची डावीकडे आणि कडा दक्षिणेला, पंचवीसेक किलोमीटरवर, म्हणजे उजव्या बाजूला. मी नजर सहवैमानिकाच्या खिडकीत नेली. आई चष्मा सावरून वाकली. खालची जमीन उपग्रहाच्या जुन्या छायाचित्रातून बनवलेली आहे, झाडं कुठल्या तरी थंड मुलखातली. तरी बालाघाटाची उतरंड, नगरहून येणारा रस्ता आणि त्यावरचा आमचा ठिपका तिने ओळखला. "रेल्वे नाही दिसत," ती म्हणाली. १९९५ साली मंजूर झालेली नगर–बीड–परळी लाइन, २६१ किलोमीटरची. आष्टीपर्यंत गाडी यायला २०२२ उजाडलं. तिने वाट पाहिलेली आहे, तिला ती चित्रातही हवी होती.

१९८२ साली मायक्रोसॉफ्टचा पहिला फ्लाइट सिम्युलेटर आला, तेव्हा खिडकीतून थोड्या रेघा आणि रंगाचे पट्टे दिसत. चाळीस वर्षांत त्या रेघांचं आमचं शिवार झालं.

आणि विमानांच्या अंगावरचे हे रंग. २७ एप्रिल २०१७ ला सरकारच्या उडान योजनेतली पहिली विमानं सुटली, त्यात नांदेड–हैदराबाद होतं, ट्रूजेटचं. ती कंपनी आता उडत नाही. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ ला सुटलं. घरोघरच्या वैमानिकांनी या विमानांचे रंग अंगावरच्या अक्षरांसकट जपले आहेत. मला हे जपणं मोलाचं वाटतं. कंपनी बुडाली की तिचे शेअर्स आणि देणी कागदोपत्री राहतात, विमान कुणी आठवणीत ठेवत नाही.

माजलगाव धरणाचं पाणी मागे पडलं की उतरण्याचा हिशोब सुरू होतो. हजार फुटांना तीन नॉटिकल मैल, म्हणजे साधारण ५० मैल आधी नाक खाली. नांदेडला त्या वेळी इंटरनेटवर कुणी हौशी नियंत्रक बसलेला नव्हता, म्हणून १२२.८०० या सामाईक फ्रिक्वेन्सीवर आपला ठावठिकाणा आपणच सांगायचा. ढगातून बाहेर आलो तेव्हा गोदावरी उजवीकडे, गढूळ, दुथडी. शहर आणि धावपट्टी डावीकडे ठेवून पुढे गेलो, डावीकडे दोन वळणं, फ्लॅप ३०, वेग ११० नॉटच्या आसपास.

लोण्यासारखं लँडिंग करायची या छंदात चढाओढ असते. मला ती पटत नाही. ओल्या धावपट्टीवर चाक अलगद टेकवायच्या नादात विमान तरंगत पुढे जातं आणि थांबायला जागा कमी उरते. पावसात पाय रोवून उभं राहावं, तसं ठाम टेकलेलं बरं. १८२ हा आकडा म्हणून मला आवडतो.

इंजिन बंद केलं. पंख्याची पाती एकेक करून डोळ्यांना दिसायला लागली, मग थांबली. अहवालाच्या शेवटी शेऱ्याचा एक रकाना असतो, तो भरलाच पाहिजे असं नाही. मी लिहिलं: नगरच्या पुढे उजवीकडे कडा दिसलं, आईने ओळखलं.