‘यादृच्छिक भ्रमण’ : एका रूपकाची परीक्षा

मँचेस्टर विद्यापीठातील भौतिकीचे प्राध्यापक आंद्रे गाइम यांनी २०१० च्या डिसेंबरात स्टॉकहोम येथे दिलेल्या नोबेल व्याख्यानास ‘ग्राफीनकडे यादृच्छिक भ्रमण’ अशा आशयाचे शीर्षक आहे. वैज्ञानिकाचे आत्मकथन म्हणून हे व्याख्यान वाचनीय आहेच. परंतु ज्या रूपकावर त्याची उभारणी झाली, ते कथनाच्या आशयाशी कितपत जुळते, हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.

गणितातील साध्या यादृच्छिक भ्रमणात प्रत्येक पाऊल आधीच्या पावलांपासून स्वतंत्र असते. वरवर पाहता गाइम यांची कारकीर्द अशीच भासते. १९९७ मध्ये नेदरलंड्समधील नायमेखन येथील, प्रबळ चुंबकक्षेत्रात बेडूक अधांतरी तरंगविण्याचा प्रयोग गाजला. २००३ मध्ये पालीच्या पायाचे अनुकरण करणारी चिकटपट्टी आली. २००४ मध्ये कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह प्रभृती सहकाऱ्यांसह ग्राफीनविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. हे विषय परस्परांपासून दूर आहेत, यात शंका नाही.

तथापि व्याख्यानातील तपशीलच शीर्षकाविरुद्ध साक्ष देतो. ग्राफाइटचे अतिपातळ पटल मिळवून त्याच्या विद्युत्‌वहनावर विद्युत्‌क्षेत्राचा परिणाम तपासावा, ही कल्पना आधीच मनात होती. एका विद्यार्थ्याने ग्राफाइट घासून पातळ करून पाहिले; ते पुरेसे पातळ झाले नाही. पृष्ठभाग स्वच्छ करून टाकून दिलेल्या चिकटपट्टीवरील पापुद्रे त्यानंतर कामी आले. अशा पट्ट्या इतर प्रयोगशाळांतही केरात जात होत्या. त्यांच्याकडे निरखून पाहण्याचे प्रयोजन मात्र मँचेस्टर येथे सिद्ध होते. येथे पावलांना स्मृती आहे.

शब्दांचा इतिहासही उद्बोधक आहे. ग्राफाइटच्या एकाकी थराचे इलेक्ट्रॉनगणित फिलिप वॉलेस यांनी १९४७ मध्ये मांडले होते, आणि ‘ग्राफीन’ ही संज्ञा हान्स-पेटर बोएम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये सुचविली होती. असे असूनही २००४ च्या निबंधाच्या शीर्षकात ही संज्ञा नाही. तेथे ‘अणुमात्र जाडीची कार्बनपटले’ असे सावध वर्णन आढळते. २००५ मध्ये, या थरातील इलेक्ट्रॉन वस्तुमानरहित डिराक-कणांप्रमाणे वागतात हे दाखविणाऱ्या निबंधात, ‘ग्राफीन’ शीर्षकस्थानी येते. त्याच वर्षी बोरॉन नायट्राइड, मॉलिब्डेनम डायसल्फाइड इत्यादी पदार्थांचेही द्विमितीय स्फटिक याच गटाने वेगळे केले. एकदा हाती आलेली युक्ती अशी पद्धतीच्या पदवीस पोहोचली.

या रूपकामागे विनय आहे, हे मान्य केले पाहिजे. बोएमसारख्या पूर्वसूरींचे ऋणही गाइम यांनी व्याख्यानात मोकळेपणाने नोंदविले आहे. परंतु संशोधनाच्या उंबरठ्यावरील विद्यार्थी शीर्षकालाच सिद्धान्त मानील, तर पूर्वतयारी व्यर्थ आणि दैव समर्थ, असा निष्कर्ष तो काढील. विषय बदलण्याचे धैर्य या व्याख्यानातून अवश्य घ्यावे. मात्र आधीच्या विषयात कमावलेली कौशल्ये आणि बाळगलेले प्रश्न पुढील विषयात कसे उतरले, हेही त्याच पानांवर शोधावे.