‘टीम फोर्ट्रेस टू’ : उक्ती, विनोद आणि वैर

नेमबाजीच्या खेळात विनोदाला स्थान कोणते, हा प्रश्न वरवर पाहता गौण वाटतो. या प्रकारचे बहुसंख्य व्हिडिओ गेम वीर आणि भयानक या दोन रसांवर उभे असतात. त्यांतील सैनिक गंभीर, रणभूमी धुरकट आणि मृत्यू शक्य तितका खराखुरा असतो. विनोद आलाच तर तो दोन चकमकींच्या मधल्या विश्रांतीत येतो. व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने १० ऑक्टोबर २००७ रोजी प्रसिद्ध केलेला ‘टीम फोर्ट्रेस टू’ हा खेळ या रीतीला ठळक अपवाद आहे. येथे विनोद गोळीबाराच्या ऐन मध्यात असतो, आणि पंधरा वर्षांहून अधिक काळ खेळाडू या खेळाकडे पुन्हा पुन्हा वळत आले आहेत. त्याच्या आकर्षणाचे कारण विचारले असता ‘तो गमतीदार आहे’ एवढेच सांगून पुष्कळ जण थांबतात. ती गंमत नेमकी कोठे वसते आणि ती काढून घेतल्यास काय उरते, हे पाहिल्यावाचून हे उत्तर पुरे होत नाही.

खेळाचे स्वरूप प्रथम थोडक्यात सांगणे इष्ट होईल. तांबडा आणि निळा असे दोन पक्ष. नेहमीच्या सामन्यात प्रत्येक पक्षात बारा खेळाडू, आणि ते सर्व आपापल्या घरी संगणकापुढे बसलेली खरीखुरी माणसे. कधी ठाणे काबीज करावयाचे, कधी शत्रूच्या तळातून कागदपत्रांची पेटी पळवावयाची, तर कधी स्फोटकांनी भरलेली गाडी रुळांवरून ढकलत न्यावयाची. प्रत्येक खेळाडू नऊ पात्रांपैकी एकाची भूमिका घेतो : स्काउट, सोल्जर, पायरो, डेमोमॅन, हेवी, एंजिनिअर, मेडिक, स्नायपर आणि स्पाय. मारला गेलेला खेळाडू काही सेकंदांनी पुन्हा रणांगणात उतरतो. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी, कारण येथील सारा विनोद त्या मधल्या काही सेकंदांभोवती फिरतो.

या खेळाचा पूर्वज १९९६ साली रॉबिन वॉकर, जॉन कुक आणि इयान कॉघली या तिघा ऑस्ट्रेलियन तरुणांनी ‘क्वेक’ या खेळावर आधारून रचला. पुढे व्हॉल्व्हने त्याची दुसरी आवृत्ती हाती घेतली. १९९९ मध्ये तिचे जे रूप लोकांपुढे आले ते सर्वस्वी लष्करी आणि वास्तववादी होते. त्यानंतर दीर्घ मौन पाळून २००६ मध्ये तोच खेळ व्यंगचित्रासारख्या रूपात पुन्हा प्रकटला. युद्धाचे कारणही आता हास्यास्पद झाले होते : बापाने मृत्युपत्रात दोघा जुळ्या भावांना खडीची निरुपयोगी जमीन समसमान वाटून दिली आणि ते दोघे तिच्यासाठी भाडोत्री माणसे लढवीत बसले. हा केवळ पोशाखातला बदल नव्हता. वास्तववाद टाकून दिल्यामुळे पात्रांना बोलण्याची मोकळीक मिळाली, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

चित्रशैलीविषयी खुद्द रचनाकारांनीच २००७ साली एक निबंध सादर केला. जेसन मिचेल, मोबी फ्रँक आणि धबीह इंग यांच्या या निबंधात लायेंडेकर, कॉर्नवेल आणि रॉकवेल या विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अमेरिकन चित्रकारांचे ऋण मान्य केलेले आहे. त्यातील एक मुद्दा भाषाभ्यासकाचे लक्ष वेधून घेतो. प्रत्येक पात्राची छायाकृती इतरांपासून अशी भिन्न ठेवली आहे की दूरच्या अंधुक आकृतीवरूनही ते पात्र ओळखू यावे. अशिक्षित श्रोताही ‘प’ आणि ‘फ’ यांतील भेद चुकत नाही, कारण अर्थ त्या भेदावर अवलंबून असतो. येथेही तीच व्यवस्था आहे. हेवीची प्राणशक्ती ३००, स्काउटची १२५; पहिला संथ, दुसरा चपळ. समोर कोण उभा आहे हे अर्ध्या क्षणात कळले नाही तर काय करावे हेही कळत नाही. व्यंगचित्रातील अतिशयोक्ती ही या दृष्टीने स्पष्टोच्चारासारखी आहे.

हीच भेदव्यवस्था कानासाठीही उभारलेली आहे, आणि खेळाचे खरे सामर्थ्य येथे आहे. नऊ पात्रांचे नऊ बोलण्याचे ढंग आहेत. स्काउटची बॉस्टनच्या गल्लीतील फुशारकी, एंजिनिअरचा टेक्ससमधील सावकाश जिव्हाळा, डेमोमॅनची मद्यधुंद स्कॉटिश गुरगुर, सोल्जरची कवायतीच्या मैदानावरील आरोळी. यांपैकी कोणतेही भिंतीआडून ऐकू आले तरी चालते. खेळाडूला संगणकाच्या तीन कळांवर प्रत्येकी आठ अशा चोवीस तयार उक्ती दिलेल्या असतात : वैद्याला हाक, आभार, पुढे चला, स्पाय आला आहे, इत्यादी. ज्याला शेजाऱ्याची भाषा येत नाही असा खेळाडूही एवढ्या भांडवलावर सबंध सामना निभावून नेऊ शकतो. एकच आशय प्रत्येक पात्र आपल्या शीलाप्रमाणे उच्चारते. इतर ज्याला ‘मेडिक’ म्हणून पुकारतात, त्याला हेवी ‘डॉक्टर’ म्हणून साद घालतो. म्हणजे एकाच उक्तीतून कोण, कोठे, कोणत्या संकटात हे कळते आणि त्याच वेळी हसूही येते. माहिती आणि विनोद यांचा असा सांधा नाटकातही विरळाच साधतो.

पायरो या पात्राचे उदाहरण येथे विशेष उद्बोधक आहे. त्याच्या तोंडावर श्वासाचा मुखवटा असल्याने त्याचे एकही वर्ण स्पष्ट ऐकू येत नाही. व्यंजने बुडालेली, उरलेले काय ते केवळ सूर, आघात आणि विराम. तरीही तो वैद्याला बोलावतो आहे की आनंदाने चीत्कारतो आहे याविषयी सरावलेल्या खेळाडूला संशय पडत नाही. वाक्याचा स्वरालेख किती अर्थ एकट्याने पेलू शकतो, याचे याहून सुलभ प्रात्यक्षिक वर्गातही दाखविता येणार नाही. २०१२ मधील ‘मीट द पायरो’ या लघुपटात हा पायरो स्वतःला एका गोड बालसृष्टीत वावरताना पाहतो आणि प्रत्यक्षात मात्र सर्वत्र आग लावीत असतो. त्या चित्रपटाची धास्ती त्याच्या न कळणाऱ्या बोलण्यामुळेच वाढते.

जेथे उक्तीवर इतका भरवसा, तेथे खोट्या उक्तीला मोल चढणारच. ते मोल वसूल करतो स्पाय. तो शत्रुपक्षातील पात्राचे सोंग घेतो, त्या पक्षातील एखाद्या खऱ्या खेळाडूचे नावही धारण करतो, आणि त्याने वैद्याला हाक मारली तर ती शत्रूला सोंगाच्या आवाजात ऐकू जाते. शत्रूच्याच गोटात उभा राहून, शत्रूच्याच सोल्जरच्या आवाजात ‘स्पाय!’ अशी आरोळी ठोकणारा स्पाय हा या खेळातील सर्वांत सूक्ष्म विनोद होय. तो लेखकाने लिहून ठेवलेला नाही. त्याची सामग्री मात्र पुरविली आहे. यामुळे प्रत्येक मित्राकडे क्षणभर संशयाने पाहणे भाग पडते, त्याच्यावर एखादी गोळी झाडून पाहावी लागते, आणि खरा मित्र निघाल्यास (मित्राची गोळी लागत नाही) दोघेही पुढे निघून जातात.

आता मुख्य प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. माणसे मारण्याच्या खेळात हसू आणले म्हणजे क्रौर्यावर साखर पेरली, असा आक्षेप घेतला जातो आणि तो सहज बाजूला सारण्यासारखा नाही. नाट्यशास्त्रात शृंगाराच्या अनुकृतीपासून हास्याची उत्पत्ती सांगितली आहे. अभिनवगुप्ताने ती कल्पना वाढवून इतर रसांच्या आभासालाही हास्याचे कारण मानले. ‘टीम फोर्ट्रेस टू’ हा वीर आणि रौद्र यांचा असा सतत चालणारा आभास आहे. ज्याला सैन्याच्या प्रत्येक दलाने नाकारले आणि म्हणून जो स्वतःच तिकीट काढून युद्धाला गेला तो सोल्जर, किंवा लढाईच्या धुमश्चक्रीत थांबून सँडविच खाणारा हेवी, हे वीररसाचे शुद्ध विडंबन आहे. परंतु एवढ्याने आक्षेपाचे निरसन होत नाही. विडंबनाच्या आडूनही दुसऱ्याला हिणविता येते. तेव्हा हे हास्य कोणासाठी आहे, हे पाहावे लागते.

खेळाडू मरतो तेव्हा त्याच्यापुढे त्याला मारणाऱ्याचे चित्र क्षणभर गोठते. त्या चित्रात त्याच्या स्वतःच्या देहाचे तुकडे विखुरलेले असतील तर त्यांवर बाण काढून हा तुझा पाय, हे तुझे स्वादुपिंड, अशी चिठ्ठी लावलेली असते. कधी खाली सांत्वनाचा मजकूर येतो की एक समाधानाची गोष्ट अशी, या खेपेस तू आपल्या विक्रमाच्या जवळ पोचला होतास. महत्त्वाची बाब ही की हे चित्र फक्त मृतालाच दिसते. मारणारा तोवर पुढे गेलेला असतो. म्हणजे या विनोदाचा श्रोता विजेता नसून पराभूत आहे. नाट्यशास्त्रातील आत्मस्थ आणि परस्थ हास्याचा भेद येथे मोठा उपयोगी पडतो : गंभीर युद्धखेळात प्रेत हे मारणाऱ्याच्या समाधानासाठी पडते, येथे ते स्वतःलाच हसू येईल अशा रीतीने मांडलेले असते. हरलेल्याचा राग त्या दोन-चार सेकंदांत उतरतो आणि तो पुन्हा उठतो. खेळ सोडून न जाण्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

विजेत्यालाही चेष्टा फुकट करता येत नाही. शत्रूला वाकुल्या दाखविताना त्याला हलता येत नाही, शस्त्र चालविता येत नाही. त्या अवस्थेत मागून येणारा कोणीही त्याला ठार करू शकतो. उपहासाला जोखमीची किंमत लावणारी ही तरतूद मार्मिक आहे. २०११ साली हेवीला मिळालेले एक मोजे तर असे आहेत की त्यांचा ठोसा पाठीमागून बसला की शत्रू मरत नाही, पोट धरून हसू लागतो आणि त्यामुळे असहाय होतो. पुढे २०१४ मध्ये एकामागे एक नाचत जाण्याची सोय झाली, आणि दोन्ही पक्षांचे लोक ठाणी सोडून एकाच रांगेत नाचताना दिसू लागले.

तरीही सारेच निर्मळ आहे असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. एकाच प्रतिस्पर्ध्याला, त्याच्या हातून न मरता, चार वेळा मारले की ‘वर्चस्व’ जाहीर होते आणि पात्र त्याला उद्देशून टोमणा मारते. बहुतेक पात्रांना प्रत्येक प्रतिस्पर्धी पात्रासाठी निराळे टोमणे दिलेले आहेत, त्यांत उत्तम वाक्चातुर्य आहे. पण नवशिक्याला ते एका संध्याकाळी दहादा ऐकावे लागले तर त्याला चातुर्य दिसणार नाही. सूड घेतल्यास त्याचीही दवंडी पिटली जाते, हा त्यावरचा उतारा. तो ज्याला घेता येत नाही त्याचे काय, याचे उत्तर खेळापाशी नाही. स्नायपरच्या हाती दिलेली मूत्राची बरणी बीभत्साच्या सीमेवर रेंगाळते. राष्ट्रांच्या ठोकळेबाज चित्रणाबद्दलही असेच. रशियन आडदांड, जर्मन वैद्य विवेकशून्य, फ्रेंच हेर सिगारेट ओढणारा. ही सर्व शीतयुद्धकालीन चित्रपटांची उसनवारी आहे. अर्थात सर्वांत मूर्ख पात्र अमेरिकन सोल्जरच आहे, आणि ऑस्ट्रेलियन म्हणून मिरविणारा स्नायपर पुढे कॉमिकमध्ये जन्माने न्यूझीलंडचा निघाला. त्याला आवाज देणारे जॉन पॅट्रिक लॉरी हे तर अमेरिकन. बोलीचा असा तिहेरी मुखवटा पाहून बोलीविज्ञानाचा अभ्यासक रागावण्याऐवजी हसेल.

२००९ पासून टोप्या आल्या, २०१० मध्ये त्यांचे दुकान उघडले, २०११ मध्ये खेळ विनामूल्य झाला. टोप्यांमुळे छायाकृतींतील भेद पुसट झाले; उच्चारात गोंधळ शिरावा तसे ते झाले, एवढे नोंदवून पुढे जावे हे बरे.

विनोदाचे स्थान उक्तीत आहे याचा पुरावा मात्र एका आपत्तीने दिला. २०२० च्या सुमारास व्हॉल्व्हच्या सर्व्हरांवर बॉटांचा, म्हणजे मनुष्याविना चालणाऱ्या खेळाडूंचा, सुळसुळाट झाला. ते बहुधा स्नायपर असत, त्यांचा नेम चुकत नसे, आणि ते लिहून व ध्वनिवाहिनीवरून अर्थहीन गोंगाट करीत. त्यावर उपाय म्हणून जून २०२० मध्ये पैसे न भरलेल्या खात्यांचे लेखी व तोंडी संभाषण बंद करण्यात आले. दृश्य तेच, शस्त्रे तीच, ध्वनिमुद्रित टोमणेही तेच. परंतु ज्याला उद्देशून टोमणा मारावा तो पलीकडे नव्हता, आणि जो होता त्याला बोलता येत नव्हते. खेळाडूंनी मे २०२२ मध्ये आणि पुन्हा जून २०२४ मध्ये संघटित गाऱ्हाणे मांडले. दुसऱ्या खेपेच्या अर्जावर तीन लाखांहून अधिक सह्या झाल्या आणि त्यानंतर बॉटांची मोठ्या प्रमाणावर हकालपट्टी झाली. ज्या खेळात काही विशेष नवे येत नव्हते त्याच्यासाठी लोकांनी एवढा खटाटोप करावा, याचा उलगडा नेमबाजीच्या सुखाने होत नाही. नेमबाजी अन्यत्र मुबलक आहे.

२०२० सालीच ८ एप्रिलला सोल्जरचा आवाज देणारे नट रिक मे यांचे कोविडने निधन झाले. मेच्या प्रारंभी खेळाच्या रणभूमींवर सलामी देणाऱ्या सोल्जरचे पुतळे उभारण्यात आले. जवळ गेले असता त्यांतून त्याचीच जुनी वाक्ये ऐकू येत, तीच वेडगळ, तीच कवायतीची. तांबडे आणि निळे खेळाडू पुतळ्याभोवती जमून सलाम करीत उभे राहत, आणि मागून एखादा बॉट त्यांना एकेक करून टिपीत असे.